चप्पल चावत नव्हती

बाबा, ती चप्पल तुम्हाला चावत नव्हती. हे मला कळलं ते एका डॉक्टरच्या तोंडून, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी, आणि तेव्हापासून तुमच्यावरचा राग काही केल्या जात नाही.

गेल्या महिन्यात माझं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं; तुम्हाला होता तोच रोग. त्याआधी डॉक्टरांनी सगळं समजावलं. प्रोस्टेटमध्ये सुईने हिरवा रंग सोडतात. तो ओटीपोटातल्या बारीक गाठींपर्यंत झिरपत जातो आणि खास कॅमेऱ्याखाली त्या गाठी उजळतात. रोग पसरलाच तर बहुतेकदा आधी त्यांच्यात शिरतो, म्हणून त्या काढून तपासायच्या. मी कॅमेरादुरुस्ती मोडकी यंत्रं उघडून शिकलेला माणूस. प्रकाश कुठला, फिल्टर कुठला, सगळं विचारून घेतलं. धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे चमकलं तिथे कॅन्सर." म्हटलं, "नाही रे. रंग फक्त गाठ दाखवतो. आत रोग आहे का, ते तपासल्यावर कळतं. नीट ऐकत जा." "बरं, तूच डॉक्टर," म्हणाला.

मग मी डॉक्टरांना विचारलं, या गाठी रोगाने भरल्या तर? ते सहज म्हणाले, "काहींचे पाय सुजतात. चपला घट्ट होतात."

आणि मी पुन्हा तेव्हाच्या डिलाईल रोडच्या नाक्यावर उभा आहे. माझ्या पहिल्या कमाईतून तुमच्यासाठी चप्पल शिवून घेतली होती, कागदावर तुमचा पाय ठेवून माप मी स्वतः काढलं होतं. दोन महिन्यांत तुम्ही म्हणालात, चावते. मी तुम्हाला घेऊन त्या चपला शिवणाऱ्या काकांशी भांडतोय. ते म्हणतात, "माप बरोबर आहे, पोरा. पाय बघ यांचा." मी चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना खोटारडे म्हणतो. आणि तुम्ही? "कातडंच कडक आहे हो. पट्टा सैल करा," एवढंच. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

माप बरोबर होतं, बाबा. तुम्हाला माहीत होतं. आई लघवीच्या त्रासाबद्दल विचारायची तर "उन्हाळी लागलीय, सब्जा भिजव." असल्या जागेचं दुखणं घरात बोलायचं नाही, हा कुठला नियम? इस्पितळात नेलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुमची लाज राहिली. त्या भल्या माणसाची मी काढली ती वेगळीच.

माझ्या गाठी स्वच्छ निघाल्या. मात्र डॉक्टरांनी बजावलंय, गाठी काढल्यामुळेही पाय सुजू शकतो, सुजला तर लगेच सांगा, लपवू नका.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. काल बायकोने विचारलं, "उजवा पाय असा ओढत का चालताय?" मी म्हणालो, "चप्पल चावतेय."

चप्पल तीन वर्षं वापरातली आहे.