आजोबांच्या चाळीस पुंगळ्या

डिलन, मोंटाना
३ सप्टेंबर

ती. आजोबांना ड्युईचा शि. सा. न. वि. वि.

मिझूलाच्या दवाखान्यातलं खुब्याचं ऑपरेशन मानवलं ना? कोरीनआत्या म्हणते, तुम्ही वॉकर घेऊन नर्सच्या मागे पळता. आजीला अजून बोललो नाही, पण माझ्या गप्प बसण्याची किंमत असते.

एक बारीकशी शंका. पंधरा वर्षांनी सोडतीत तुमचं एल्क हरणाच्या शिकारीचं परमिट निघालंय, म्हणून म्हटलं, रायफलची काडतुसं यंदा मीच भरून ठेवतो. दुकानात दुसऱ्या कंपनीच्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या मिळाल्या. एकदम चकचकीत! तुमच्या वहीतलं बारुदाचं माप यांनाही चालतं ना? सहज विचारतोय. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की मला हसू फुटतं.

लोभ आहे तेवढा पुरे, कमी मात्र करू नका.
तुमचा ड्युई

मिझूला
७ सप्टेंबर

चि. ड्युईस आशीर्वाद, कान पिळायचा तो समक्ष पिळीन.

तू सहज काही विचारत नाहीस. मागे सहज विचारलंस तेव्हा माझ्या टोपीत बेडूक निघाला होता.

एकही काडतूस उडवू नकोस. भरली असशील तर सगळी उकल. जुनी आणि नवी रिकामी पुंगळी वजन करून बघ. बाहेरून दोन्ही सारख्याच. नवी जड भरली तर तिचं पितळ आतून जाड, म्हणजे जागा कमी. तेवढंच बारूद कमी जागेत पेटलं की दाब वाढतो आणि रायफल तोंडावर फुटते. तुझं तोंड काही देखणं नाही, पण आजीला त्याची सवय झालीय. बारूद दहावा हिस्सा कमी करून सुरुवात कर, मग काट्यावर तोलून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वाढव. गोळी उडवल्यावर रायफलचा बोल्ट मागे ओढताना जरासा जड लागला की थांब.

आणि माझ्या चाळीस जुन्या पुंगळ्या कुठे आहेत?

उत्तर खरं असेल तरच लोभ.
आजोबा

डिलन
१६ सप्टेंबर

ती. आजोबांना सा. न. (या वेळी खरोखर वाकून.)

नवी पुंगळी जडच निघाली. गोळी उपटायच्या खास हातोडीने एकोणीस काडतुसं उकलली. भरली होती वीस. विसावं मी पहिलं पत्र लिहायच्या आदल्या दिवशीच उडवलं होतं. बोल्ट उघडेचना. लाकडी हातोड्याने ठोकला तेव्हा निघाला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गंमत कुणाला सांगावीशी वाटली नाही.

रायफल कारागिराकडून तपासून घेतली, धड आहे. आता वहीतल्यापेक्षा दीड ग्रेन कमी बारुदावर तीन गोळ्या एका नाण्याएवढ्या जागेत बसल्या. निशाण्याचा कागद सोबत जोडलाय.

जुन्या पुंगळ्यांना भोकं पाडून मी आजीच्या वाढदिवसाला पोर्चवर वाऱ्यावर वाजणारं झुंबर केलं. तिला फार आवडलंय. मारायचं तर मला मारा, ते काढू नका.

उरला असेल तर लोभ असावा.
ड्युई

मिझूला
२० सप्टेंबर

चि. ड्युईस आशीर्वाद.

झुंबर आजीने मला फोनवर केव्हाच ऐकवलं. ती खुळखुळ चाळीस वर्षं माझ्या खिशात होती, मला ओळखू येणार नाही होय? तू कधी सांगतोस, तेवढंच बघत होतो.

डॉक्टरांनी चालायला मोकळीक दिलीय. बारा ऑक्टोबरला गाडी घेऊन ये. शिकारीला रायफल माझी, काडतुसं तू भरलेलीच नेऊ.

ती विसावी पुंगळी फेकू नकोस. झुंबराच्या मधोमध बांध, बरोबर तुझ्या उंचीला. जाता-येता टाळक्यात बसली पाहिजे.

लोभ वाढलाय, आजीला सांगू नकोस.
आजोबा