थोडी ऊब आमच्याही वाट्याला

१० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.
इथे उत्तर ध्रुवाच्या उंबरठ्यावर यंदा नदीवरचं बर्फ कधी नव्हे इतक्या लवकर फुटलं. धक्क्याला बोटी लागल्या आणि माझी क्रेन हलू लागली. घरामागच्या गोठलेल्या जमिनीत कुदळ मारली की ठिणगी उडायची, तिथे मी बटाटे लावलेत! जग तापतंय म्हणून तुम्ही सगळे ऊर बडवता. आम्ही जन्मभर कुडकुडतच मरावं का? थोडी ऊब आमच्याही वाट्याला आली, तर कुणाच्या पोटात का दुखावं? आईला इकडे पाठव. भाओजींनाही म्हणावं, छपरांवर भाजून घेणं पुरे झालं.
माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाळ्या

२ जून

चि. बाळ्यास आशीर्वाद.
तुझं पत्र इस्पितळाच्या बाकावर वाचलं. तुझे भाओजी छपरावर डांबर ओतता ओतता कोसळले. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. जीव वाचला, पण जीभ जड झाली आहे. मला हाक मारायला जातात आणि माझं नाव सापडत नाही, मग नुसते बघत राहतात. कुणाच्या पोटात दुखतं विचारलंस ना? माझ्या. तुझे बटाटे तुलाच लखलाभ. आई जावयाच्या उशाशी बसून कपाळावरची ओली घडी बदलते आहे. ती कुठेही येणार नाही.
लोभ असावा असं शेवटी लिहायचं असतं. मी लिहीत नाही.
ताई

२८ जून

ती. ताईस सा. न.
भाओजींचं पुन्हा पुन्हा वाचलं. पण ते ऊन काय मी पाठवलं? सगळा राग माझ्यावर काढलास, आता तुला गार वाटेल असं सांगतो. घराखालची गोठलेली जमीन वितळली आणि स्वयंपाकघराचा कोपरा खचला. दारं लागत नाहीत, भिंतीच्या फटीतून हात बाहेर जातो. मी आणि बायको शाळेच्या हॉलमध्ये झोपतो. तरी बटाटे झकास आले आहेत आणि काम दुप्पट आहे. हे खोटं आहे असं माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.
बाळ्या

१५ जुलै

चि. बाळ्यास,
गार वगैरे काही वाटलं नाही. पत्र मोठ्याने वाचत होते. भाओजी ऐकत होते. कोपरा खचला म्हटल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं, बराच वेळ तोंडातल्या तोंडात झगडले आणि म्हणाले, "बोलाव." आजारपणात त्यांचा हा पहिला धड शब्द. तो माझ्या वाट्याला यायचा, तुझ्या आला. त्याचाही मला राग आहे.
तर हिवाळ्याआधी बायकोला घेऊन ये. घर भट्टीसारखं तापतं, आधीच सांगते. माझ्याशी हवं तितकं भांड. पण ती उबेची भाषा त्यांच्यासमोर काढलीस, तर उंबऱ्यावरूनच परत पाठवीन.
लोभाचं मग बघू.
ताई