इंजिन खोलायचं म्हणतात

दिंडोशी, गोरेगाव (पूर्व)
सोमवार, दुपार

आदरणीय सुगंधाताईस,

धाकट्या शिवदासचा आणि मीराचा मनापासून जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची शुगर कशी आहे, आणि ते ती खरी सांगतात का? (मागच्या खेपेला रिपोर्ट घाईघाईने खिशात कोंबून "नॉर्मल आहे" म्हणाले होते. मी तेव्हाच ओळखलं होतं, पण पाहुण्याने बोलायचं तरी किती?) आम्ही बरे आहोत. फोनच करणार होतो, पण मी मुद्द्यावर आलो की तू नेमकी "थांब, भाऊजींशी बोल" म्हणतेस. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

विषय आपल्या गाडीचा. तीच पांढरी, तुझ्या चेतनाच्या लग्नाला वाशिमला घेऊन आलो होतो ती. तिने लाख किलोमीटरचा आकडा केव्हाच मागे टाकलाय. हल्ली सकाळी चालू केली की बोनेटखाली कुणीतरी खलबत्ता घेऊन बसल्यासारखा आवाज येतो. फ्लायओव्हर चढताना धापा टाकते आणि मागून निळसर धूर सोडते. मी म्हटलं, वय झालं. मी तरी आता जिना मुक्याने कुठे चढतो? पण आवाज वाढल्यापासून आजूबाजूची माणसं जशी वागायला लागली, ते मला काही ठीक वाटेना. माझी उभी हयात कोर्टात साक्षी टिपून घेण्यात गेली, हे तुला माहीत आहे. माणूस गरजेपेक्षा जास्त गोड बोलायला लागला की उलटतपासणीची वेळ झाली असं समजावं.

पहिला आरोपी धर्मा. याचं गॅरेज साकीनाक्याला, एका गल्लीत, जिथे गाडी आत घालायला माणूस शूर आणि बाहेर काढायला मूर्ख लागतो. धर्माने बोनेट उघडलंसुद्धा नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, डाव्या बाजूला जरा जास्तच रेंगाळला आणि म्हणाला, "काका, इंजिन खोलावं लागेल." (हा माणूस हॉर्न वाजत नाही म्हटलं तरी इंजिनच खोलायला काढतो.) पिस्टनच्या रिंगा गेल्यात, बोअर झिजलाय, इंजिनकाम केलंत तर गाडी अजून तुमचं म्हातारपण काढेल, वगैरे. इथपर्यंत ठीक. पण मग म्हणाला, "घाई नाही ना. महिनाभर राहू दे गाडी माझ्याकडे. दोन महिने राहिली तरी चालेल." मेकॅनिक आणि घाई नाही? ताई, तूच सांग. मुंबईत गाडी उभी करायला हातभर जागा मिळत नाही आणि हा माझी गाडी दोन महिने सांभाळणार!

दुसरा आरोपी परेश. आमच्याच मजल्यावर राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तो एके दिवशी स्वतःहून चहा घेऊन आला. (सेक्रेटरी चहा घेऊन येतो तेव्हा घरातल्या माणसाने पाकीट सांभाळावं.) म्हणाला, "काका, गाडी मला देऊन टाका. आहे तशी घेतो. रिपेअर पण नको." मी विचारलं, "तुला हा खटारा कशाला?" तर म्हणे, "असंच. आवडते मला." जी गाडी चालू झाली की अख्खी बिल्डिंग खिडक्या लावून घेते, ती याला आवडते! मी त्याच रात्री मीराला म्हटलं, याचा डोळा माझ्या पार्किंगवर आहे.

तर मीरा काय म्हणाली? "देऊन टाका. मी मेट्रोने जाईन."

हे ऐकून मी जेवणावरून उठलो, ताई. रिटायर झाल्यापासून माझं काम एकच उरलंय. सकाळी मीराला सांताक्रूझला हॉस्पिटलात ड्युटीवर सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं. ती सीटवर डोळे मिटून बसते, मी बोलत राहतो. दिवसातली तेवढीच काय ती आमची बैठक. आणि ही बाई म्हणते मेट्रोने जाईन. मग माझ्या लक्षात आलं की गेल्या वेळी साकीनाक्याला ती आणि धर्मा टपरीपाशी हळू आवाजात बोलत होते, आणि मी गेल्यावर दोघेही एकदम "आज गरम होतंय ना" म्हणाले. म्हणजे तिसरा आरोपी माझ्याच घरात!

तरीही गाडी धर्माकडे दिली, फक्त तपासायला. देण्याआधी बॅटरी, रेडिएटर, डायनॅमो, हाताला लागेल त्या प्रत्येक पार्टवर मीराच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. (चांगला माल काढून जुना बसवायचा धंदा मला ठाऊक आहे. तसल्या केसेस ऐकल्यात मी.) दोन दिवसांनी न सांगता गेलो आणि बघतो तर एकाही पार्टवर ठिपका नाही! मी भर गल्लीत आवाज चढवला. चोर, लबाड, जे काही आठवलं ते सगळं बोललो. धर्मा शांतपणे हात पुसत आला आणि बॅटरीवर बोट ठेवून म्हणाला, "हा काय मग? हा बघा इथे. हा इथे." मी वाकून नाक बॅटरीला टेकवलं तेव्हा काहीतरी लालसर दिसलं. मी म्हटलं, हे तू आत्ता लावलंस. त्याने माझ्यासाठी स्टूल पुढे केलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

आता कालचा रविवार ऐक. मीरा दुपारी म्हणाली, विहारात महिला मंडळाची मीटिंग आहे. गेले तीन-चार रविवार हीच मीटिंग. मी पाच मिनिटांनी मागोमाग निघालो. ती विहारावरून सरळ पुढे गेली, थांबलीसुद्धा नाही, आणि कोपऱ्यावर उभ्या एका छोट्या गाडीत बसली. मी रिक्षा पकडली आणि म्हटलं, "त्या गाडीच्या मागे घे." रिक्षावाला खूश. त्याला बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच असं काम मिळालं असावं. पण ती गाडी बैलगाडीच्या चालीने चाललेली. दर वळणावर बंद पडायची. मी म्हटलं, "काय रे, कुणाची गाडी असेल ही?" तो म्हणाला, "काका, टपावर एवढं मोठं लिहिलंय ना, मोटर ट्रेनिंग स्कूल. मागे लाल एल पण आहे. तुम्हाला दिसत नाही?"

मला दिसत नव्हतं, ताई. मला एक पिवळा डाग दिसत होता, धुक्यातल्यासारखा.

तेवढ्यात ती गाडी पुन्हा बंद पडली, आमची रिक्षा शेजारी आली आणि स्टिअरिंगवरून मीराने माझ्याकडे पाहिलं. शिकवणारा खाली उतरला. त्याला वाटलं भांडण होणार. मीरा मात्र रस्त्याकडेला उभी राहिली आणि इतकंच म्हणाली, "रोज सांताक्रूझला जाताना मी डोळे मिटून बसते. तुम्हाला वाटतं मी झोपते."

मग सगळं बाहेर आलं. गाडीचे सगळे पोचे डाव्या बाजूला आहेत, हे धर्माने तिला दाखवलं होतं. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, हे ती नर्स असल्याने तिला केव्हाच कळलं होतं. मला तिने सांगितलंही होतं, पण तिच्या हॉस्पिटलाचं गिऱ्हाईक वाढवायचा डाव असेल म्हणून मी कानाआड केलं. महिनाभर गाडी माझ्या हातून दूर राहावी म्हणून धर्माने घाई नाही म्हटलं होतं. आणि परेश? त्याची आई संध्याकाळी काठी घेऊन कंपाउंडमध्ये फिरते. गेल्या महिन्यात मी रिव्हर्स घेताना ती हातभर अंतरावर होती. मला पत्ताही नाही. वडीलधाऱ्या माणसाला कसं बोलायचं, म्हणून तो पोरगा पदरमोड करून माझा खटारा विकत घ्यायला निघाला होता. घरी आलो आणि परेशच्या दारापाशी थांबलो. शेवटी बेल दाबली आणि त्याच्या आईच्या पाया पडलो. तिला काही माहीतच नव्हतं. तिने मला खाकरा खायला घातला.

इंजिनाचं म्हणशील तर खोलायचं ठरलं. मीराने ठरवलं. नवीन गाडी घेऊया म्हटलं तर म्हणाली, "नव्या गाडीला ओरखडा पडला तर तुम्ही मला जगू द्याल का? हिला आधीच एवढे आहेत, माझे त्यात खपून जातील." यापुढे गाडी ती चालवणार आणि मी शेजारी बसून बोलणार. गिअर कधी बदलायचा हे सांगायची मला परवानगी नाही. तशी अट घातलीय.

भाऊजींना जयभीम. चेतनाला आशीर्वाद. रिपोर्ट एकदा तूच उघडून बघ.

तुझा भाऊ,
शिवदास

ता. क. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलंय. डॉक्टर फार गोड बोलतो. "काही कळणारसुद्धा नाही, काका" म्हणतो. मला न कळता हा काय काय करणार आहे? उजव्या डोळ्याचं नंतर बघू म्हणाला, त्यातही काहीतरी आहेच.

ता. क. २. तू पुढच्या बुधवारपर्यंत इथे आलीस तर बरं होईल. एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, मध्ये गाडी आली. आत नेतात तेव्हा दाराबाहेर कुणीतरी लहानपणापासूनचं माणूस असावं असं वाटतं. मी घाबरलोबिबरलो नाहीये. मीराला यातलं कळू देऊ नकोस.

ता. क. ३. ताई, मी मीरा. पत्र माझ्यापासून लपवून पेपरखाली ठेवलं होतं, अर्धं बाहेर. तुम्ही या नक्की. गुरुवारी मीही रजा टाकलीय. नर्स आहे म्हणून मला घाबरता येत नाही, तेव्हा माझ्याजवळही कुणीतरी हवंय.