मागं पांढरी भिंत

४ जानेवारी, रविवार. आष्टा
पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्यासाठी सवयीनं दोन कप चहा टाकणाऱ्या बंधूंनो, आपलं बोलणं आता कोणी पुरतं ऐकत नाही. (सवय. या वहीत श्रोता मीच.) भाषणांची निमंत्रणं थांबली. समाजाचं नुकसान. म्हणून कॅमेरा घेतला. फ्लेक्ससंस्कृतीविरुद्ध आयुष्यभर बोललो, आता लेन्समधून बोलेन. संकल्प: जिवंत माणूस टिपायचा. मार्चमध्ये सांगलीत प्रदर्शन. क्रांतीला बंगळूरला फोन केला. मीटिंगमध्ये होती. लेकीला कळवलं, एवढं पुरे.

११ जानेवारी
वाई. घाटावर ऊन सुंदर. तिथं एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट चाललेलं. त्यांचा फोटोग्राफर म्हणाला, काका, जरा रिफ्लेक्टर धरता का? दुपारपर्यंत धरला. दरम्यान लग्नखर्चावर बोललो. जोडप्यानं शांतपणे ऐकलं. त्यांना हलायची परवानगी नव्हती. माझा एकही फोटो झाला नाही, पण प्रकाशाचा अभ्यास झाला.

१८ जानेवारी
औंध. यमाईचा डोंगर चढलो. बॅटरी आष्ट्यात, चार्जरला. डोळ्यांनी पाहिलं. तेही महत्त्वाचं.

२ फेब्रुवारी, सोमवार
अखेर समाज जागा झाला. शेजारचे लालासाहेब, रिटायर्ड सुभेदार, स्वतः दारात. कोट, फेटा, सगळी मेडल्स. म्हणाले, सर, छातीपातूर घ्या, मागं पांढरी भिंत पायजे. थोडं हसा म्हटलं, तर म्हणाले, आवं, हसून कसं चालंल? किती संयत दृष्टी. सैन्यात शिकवत असावेत.

९ फेब्रुवारी
कीर्ती पसरली. गल्लीतल्या राहीबाई इरकल नेसून आल्या, मागोमाग धोंडिराम. दोघांनाही पांढरीच भिंत हवी. समोरच्या भिंतीवर हिचा फोटो आहे. तिला जाऊन तीन वर्षं झाली. येणारा प्रत्येक जण आधी तो फोटो बघतो, मग माझ्याकडं. राहीबाई म्हणाल्या, बाईंचा आसा व्हायला नको हुता. एकटीचा असा तिचा फोटोच नव्हता. माझ्या सत्काराच्या ग्रुपमधून कापून घेतला. कोपऱ्यात माझी शाल येते. मी म्हटलं, ती कॉम्पोझिशन आहे. राहीबाई म्हणाल्या, व्हय.
दुसरा कप कामी आला.

१ मार्च
दारात रांग. क्रांतीला सांगितलं, लोकांना पोर्ट्रेटचं वेड लागलंय. कोण कोण आलं, तिनं विचारलं. नावं सांगितली. म्हणाली, बाबा, सगळे सत्तरीच्या पुढचे कसे? प्रगल्भ रसिक, मी म्हणालो. मग तिनं माझीच तब्येत दोनदा विचारली. नेटवर्क.

१५ मार्च
लालासाहेब गेले. परवा, झोपेतच.
आज एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. फोटो माझा. भिंत कापून मागं ढग घातलेत. 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली मेडल न् मेडल दिसतंय. लोक थांबून म्हणत होते, लय भारी आलाय सुभेदारांचा फोटो. धोंडिराम कानाशी लागले: सर, माझाबी आसाच यील न्हवं?
फ्लेक्सविरुद्ध बोलायला तोंड उघडलं. 'येईल' एवढंच निघालं.
मार्चमधलं प्रदर्शन झालं म्हणायचं. सांगलीऐवजी स्टँडवर.

१६ मार्च
कोणी आलं नाही. ज्यांना पाहिजे त्यांचे काढून झाले. दुसरा कप निवला.
कपाट धुंडाळलं. माझे फोटो ढीगभर. प्रत्येकात तोंडापुढं माईक.
टायमर लावला, बटण दाबलं, भिंतीकडं पळालो. पाठमोरा आलो. पुन्हा केलं, पुन्हा पाठमोरा. हिच्या फोटोसमोर हे बरं दिसत नाही.
तर बंधूंनो आणि भगिनींनो. नको.
क्रांती, या रविवारी घरी ये आणि माझा एक फोटो काढ.