तू दाजींना ‘आपण’ म्हणालीस

प्रिय मावशी,

(त्या दोघींची मावशी. माझी कोण, ते तूच ठरव.)

मागच्या रविवारी तू दाजींना ‘आपण’ म्हणालीस आणि माझं सगळं फिरलं. सूपचे वाडगे घेऊन मी तुझ्या पाठीशीच उभा होतो. ‘आपण’ एवढंच कानावर आलं, पुढचं तुझ्या धाकट्या भाचीच्या किंचाळण्यात बुडालं. मला सांगताना तू नेहमी ‘आम्ही येऊ रविवारी’ म्हणतेस. त्या ‘आम्ही’त मी नसतो. आणि दाजींशी बोलताना ‘आपण’. कॉलेज अर्धवट सोडलं असलं तरी एवढं व्याकरण मला कळतं.

तुझी ताई गेल्यापासून तुम्ही दोघं त्या चार वर्षांच्या जुळ्यांना घेऊन दर रविवारी आमच्या हॉटेलात जेवायला येता. मी इथं वेटर आहे म्हणून हेच हॉटेल निवडलं, असं तू म्हणाली होतीस, आणि मी खुळा आठवडाभर त्यावर तरंगायचो. तुम्ही यायच्या आत टेबलावरचं मीठ, काटे, सुऱ्या उचलून ठेवायचो. दोघींचे पेले शेजारी मांडून, खाली वाकून सरबत एका रेषेत आणायचो, कारण एकीला बोटभर जास्त गेलं की युद्धच. धाकटीला ब्रेडची कड नको, थोरलीला नुसती कडच हवी. सगळं पाठ झालं होतं मला. पण तेवढ्यात बघतही होतो. थोरली दाजींच्या मांडीवर, धाकटी तुझ्या. तू पोरींना भरवताना तुझं गार व्हायचं, तर दाजी गुपचूप तुझ्या ताटावर झाकण ठेवायचे. तू मागायच्या आत पाणी तुझ्यापुढे सरकवायचे. कोण कुणासाठी असं उगाच करतं? त्यात आमचा मॅनेजर दर वेळी म्हणणार, “चौकोनी कुटुंब आलं रे, कोपरा दे त्यांना.” चौकोनाला पाचवा कोपरा कुठून आणायचा, ते तो सांगत नाही.

म्हणून वाडगा आदळला. दाजींचा शर्ट रंगला. तेव्हापासून फोन उचलत नाहीस, आणि मी मनातल्या मनात तुझं लग्न लावून, पंगत उठवूनसुद्धा मोकळा झालो.

आज दाजी एकटेच पोरींना घेऊन आले. मला वाटलं, शर्टाचा जाब विचारायला. मुठी वळूनच पुढे गेलो. पण त्यांचं कुठलं लक्ष. धाकटी टेबलाखाली, थोरली सूपमध्ये बूट बुडवतेय, आणि ते घाम पुसत म्हणाले, “अरे, तिला कसं जमतं हे सगळं?” मी धाकटीला बाहेर ओढली, दोघींचे ब्रेड कापले आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, मावशी कुठाय गं? थोरली म्हणाली, “घरी रडतेय. आजी म्हणते, आता मावशीला आई म्हणायचं.” धाकटी म्हणाली, “मी नाही म्हणणार.” मग थोरली बापाकडे बोट दाखवून म्हणाली, “बाबा सारखं आपण आपण करतात. त्या दिवशी मावशी इथंच ओरडली बाबांना. ‘आपण’ म्हणू नका दाजी, तुमचं तुम्ही बघा.”

म्हणजे शब्द त्यांचा होता. तू तो परत करत होतीस.

दाजी पुसून झालेलं टेबल पुसत बसले. म्हणाले, “सासूबाईंपुढे माझी जीभ रेटत नाही. या दोघींकडे बघितलं की हो म्हणावंसं वाटतं, हेही खरं. पण तिला तू हवा आहेस. आजच सगळं ठरवायला बसलेत घरी. येऊन बोल तू.”

आता मला सांग, स्वतःच्या वाटेतल्या माणसाला कुणी असं घरी नेतं? मला अजून भरवसा नाही. कॉलेज सोडलेला, वेटर, डोक्याने तापट, हे सगळं तुझ्या आईला एका फटक्यात दिसावं आणि यांची वाट मोकळी व्हावी, असा तर डाव नाही? माणूस साधा दिसतो, पण साधेच जास्त पोचलेले असतात. तरी मी येतोय.

घरात त्या सगळ्यांसमोर तुझ्याशी एकटीशी बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र. दाजी बाहेर गाडीत थांबलेत, पोरी मागच्या सीटवर झोपल्यात. हे आधी वर येईल त्यांच्या हातून, मी खाली जिन्यापाशी उभा राहीन. लिफाफा डिंकाने चिकटवतोय. फाटका मिळाला तर काय ते समज. मी हवा असेन तर तू स्वतः खाली ये, कुणाला पाठवू नकोस. मग तुझ्या आईसमोर बसेन, त्या काय वाटेल ते बोलल्या तरी आवाज चढवणार नाही. तू आली नाहीस तर मुकाट्याने परत फिरेन. मुकाट्याने जमेल की नाही, ठाऊक नाही. मॅनेजर म्हणतोय, ऐन गर्दीत गेलास तर उद्या येऊ नकोस. ॲप्रन खुंटीला अडकवलाय. निघालो, दार ओढून घेतो.

तुझाच, निदान जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत तरी,
भडकू