मध्यरेषेवरचा काटा

७ नोव्हेंबर, पुसद

काटा आज मध्यरेषा सोडून वर सरकला. एका सुताएवढाच, पण सरकला.

हे लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण या गाडीचा तापमानाचा काटा सहसा हलत नाही. तो मुद्दामच तसा बसवलेला असतो. इंजिन थंड ठेवणारे कूलंट ऐंशी अंशांवर असो की एकशे दहावर, काटा आपला मधोमध उभा — चालकाला उगाच धास्ती नको म्हणून. आता जो काटा हलू नये म्हणून केला आहे तोच हलला, तर आत काहीतरी बिघडले आहे हे निश्चित. स्कॅनर जोडून मोबाइलवर आकडा पाहिला. गावाबाहेरचा घाट चढताना एकशे तेरा. या इंजिनाने चढावरही एकशे पाचच्या आत राहायला हवे.

गाडी जावयाची, साकेतची. मितालीला बाळंतपणासाठी माहेरी सोडताना ती इथेच ठेवून तो बसने पुण्याला परतला. "बाबा, तिला छोट्या गाडीत नेऊ नका, धक्के बसतील. ही असू द्या." मितालीची वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली आहे आणि रक्तगट दुर्मीळ. डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे — जरासे रक्त दिसले तरी आडवे करून थेट यवतमाळला आणा. रक्त तिथेच राखून ठेवले आहे. म्हणजे ही गाडी कोणत्याही घटकेला शंभरेक किलोमीटर न थांबता धावली पाहिजे.

आणि काटा सरकला!

८ नोव्हेंबर

आज रविवार, बॉनेट उघडून शांतपणे बसलो. तंत्रनिकेतनात आयुष्यभर ऑटोमोबाइल शिकवले, पण असे इंजिन वर्गात दाखवायला कधी मिळाले नाही. तीन लिटर, सहा सिलिंडर एका सरळ रांगेत. या रचनेची गंमत अशी की पुढच्या तीन पिस्टनांचे हिसके मागचे तीन पिस्टन आपोआप मोडून काढतात. चालू इंजिनावर बायकोची, कुंदाची, पाण्याने भरलेली वाटी ठेवून पाहिली; काठावरून थेंब सांडला नाही. (वाटी परत मागताना कुंदा जे बोलली ते इथे लिहीत नाही.) वर टर्बो, आणि पेट्रोल थेट सिलिंडरच्या पोटात फवारणारे इंजेक्टर. अश्वशक्ती साडेतीनशेच्या आसपास.

दोषही तितकेच सुशिक्षित. पेट्रोल थेट आत जाते, म्हणून आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत. त्यांच्या पाठीवर काजळी साचते. टायमिंग चेन ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून धावते त्या झिजतात. पाण्याचा पंप विजेवर चालतो, आणि बंद पडताना आधी सांगत नाही. कूलंटचे पाइपही प्लॅस्टिकचे; वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते पापडासारखे ठिसूळ होतात.

गाडी तापते आहे, तर पहिला प्रश्न एकच: कूलंट कमी होते का? टाकी अर्धपारदर्शक आहे. इंजिन थंड असताना जिथपर्यंत पातळी होती तिथे बाहेरून पांढरी चिकटपट्टी लावली. मुलांना हेच शिकवत आलो — आधी मोजा, मग खोला.

९ नोव्हेंबर

सकाळी आंघोळीनंतर पाहिले. पातळी बरोबर पट्टीवर.

१२ नोव्हेंबर

पट्टीवर. केसभर फरक नाही. गाडी रोज फिरवतो आहे, तरी नाही. म्हणजे गळती नाही. समाधान वाटायला हवे, वाटत नाही. गळती नसेल तर उरतात थर्मोस्टॅट, पंप, किंवा सिलिंडर हेडचे गॅसकेट — आणि हे शेवटचे असेल तर गाडी महिनाभर उभी.

कुंदा म्हणाली, "अहो, जितक्या वेळा बॉनेट उघडून राह्यले तितक्या वेळा पोरीले विचारलं असतं, रात्री झोप लागली का म्हणून..."

विचारले. मिताली म्हणाली, "झोप लागते बाबा. तुम्ही अंगणात येरझारा घालता, तेव्हा उघडते."

१५ नोव्हेंबर

रामधन येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी, बसस्थानकामागे त्याचे गॅरेज आहे. नागपूरहून मागवलेला थर्मोस्टॅट बसवला. "सर, तुम्हीच शिकवलं, सोपं आधी. याच्यानं नाही भागलं तं मंग पंप." दोघे घाटापर्यंत जाऊन आलो.

एकशे चौदा.

परतल्यावर इंजिन बंद केले तेव्हा क्षणभर गोडसर वास आला. कूलंटचा वास असाच असतो. रामधनला विचारले, त्याला सर्दी होती. टाकीकडे पाहिले — पातळी गरम असताना असावी तितकीच. सकाळी थंड असतानाही पट्टीवरच होती. नाक म्हणते गळते आहे, माप म्हणते नाही. मी मापाच्या बाजूचा माणूस आहे.

१९ नोव्हेंबर

पंपही तपासला. उत्तम चालतो. आता फक्त गॅसकेट उरले. साकेतचा फोन आला, "गाडी बरी आहे ना बाबा?" मी म्हणालो, तपासतो आहे. खोटे नाही, पण पूर्ण खरेही नाही.

२१ नोव्हेंबर

पट्टीवर. आबा सकाळच्या बसने महागावला गेले, शेतावर कापसाची वेचणी सुरू आहे. वयाच्या ऐंशीतही वडिलांना काम गड्यांवर सोपवून चैन पडत नाही.

२३ नोव्हेंबर

पातळी पट्टीच्या तीन बोटे खाली!

दोनदा पुसून पाहिले. तीन बोटे. जे इतके दिवस तसूभर हलले नाही ते दोन दिवसांत इतके कसे उतरले?

२४ नोव्हेंबर

आबा परतले. जेवताना सहज विचारतात, "दोन रोज गाडीले पानी कोनं टाकलं?"

माझा घास हातातच राहिला.

"अरे, तूच तं पट्टी लावली ना. मले वाटलं, इथलोक भरत जा म्हणून खून केली. झाकटीत उठतो, तुळशीले पानी टाकतो, गडव्यातलं उरलं ते गाडीले. आपल्या ट्रॅक्टरले नव्हतो टाकत काय?"

"आबा, मला विचारले का नाही?"

"कायले विचारू? इंजिन म्हटलं का पानी पितेच. अन् तू रोज येऊन पट्टी पाहे, खूश होऊन जाये. म्हटलं, बरोबर भरून राह्यलो."

मिताली इतकी हसली की कुंदाने तिचे पोट धरले. मी हसलो नाही. गळती पकडायला लावलेली पट्टी आबांनी भरायची खूण समजून इमानाने पाळली, आणि मी रोज त्यांचाच गडवा मोजत होतो.

२५ नोव्हेंबर

आता सारे जुळते. इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोहोचतो तिथे, प्लॅस्टिकच्या पाइपाच्या जोडापाशी तडा आहे. थेंब तप्त इंजिनावर पडून तिथेच वाफ होतो, म्हणून जमिनीवर डाग नाही, फक्त गोडसर वास. नाक खरे होते.

आबांना अंगणात बसवून समजावले. कूलंट दाबाखाली कोंडलेले असते, म्हणून शंभराच्या वरही उकळत नाही. फट पडली की दाब टिकत नाही. "म्हंजे कुकरची शिट्टी ढिली." अगदी तसेच! शिवाय आपल्या बोअरचे पाणी जड, त्याचे क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. आबा म्हणाले, "माह्या हातानं झालं हे?" मी म्हणालो, तडा तुमचा नाही.

टाकी धुऊन योग्य मिश्रण भरले. पाइप नागपूरहून मागवला.

२८ नोव्हेंबर

पाइप आला. चुकीचा — डिझेल इंजिनाचा. पुन्हा मागवला. आणखी चार-पाच दिवस. खासगी रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला.

२९ नोव्हेंबर

समजा पाइपाआधी वेळ आलीच तर? हिशेब केला: टाकी काठोकाठ, सोबत मिश्रणाचा कॅन, मी चालवणार, आकड्यावर नजर दुसऱ्या कोणाची तरी हवी. कुंदा मागे मितालीपाशी. म्हणून आबांना स्कॅनर शिकवला. आकडे ओळखतात, फरक सांगतात. वर्गात इतका नीट ऐकणारा विद्यार्थी क्वचित मिळाला.

"एकशे दहा दिसले की सांगा. मी गाडी बाजूला घेणार, निदान अर्धा तास थंड होऊ देणार. त्याला दुसरा उपाय नाही."

"अन् पोरगी?"

"म्हणूनच तर पाइप हवा, आबा."

३० नोव्हेंबर

मितालीला रक्त दिसले. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. निघतो.

१ डिसेंबर, यवतमाळ

मुलगी झाली. माय-लेकी दोघी आहेत. रक्त चार बाटल्या लागले.

रस्ताभर आबा मांडीवर मोबाइल धरून आकडे सांगत होते. "त्र्याण्णव." "पंच्याण्णव, चाल." चढावर मला काटा मध्यरेषेच्या वर दिसला. दोनदा विचारले. "अठ्ठ्याण्णव. तू रस्त्याकडं पाह्य." मी आकड्यावर विश्वास ठेवला. दवाखान्याच्या फाटकात बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि इंजिन जागीच बंद पडले. हेड वाकले असणार, म्हणजे इंजिन गेले. रामधन पाहील, पण मला कळते.

आज बाकावर बसून विचारले, "आबा, खरा आकडा किती होता?"

"घाटातच एकशे अठरा झालता. तुले सांगतलं असतं तं तू थांबला असता."

थांबलोच असतो.