पूर्वेच्या कुंपणाची सूर्यफुलं

सानगडी,
महाशिवरात्रीनंतरचा शुक्रवार

प्रिय तुळसा,

मंगळवारी आमच्या अंगणात काय उतरलं ते आधी लिहिते. विटा अडीच हजार, त्यांचे साडेसतरा हजार रुपये. सिमेंट बारा पोती, चार हजार पाचशे साठ. रेती एक ट्रॉली, पाच हजार. एकूण सत्तावीस हजार साठ. तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, म्हणाले, वहीत लिहून घे. लिहिलं. पण घरखर्चात नाही, शेतीत नाही, देवाधर्मात तर नाहीच. मागच्या पानावर 'भांडण' असं नवीन खातं उघडलं आणि त्यात लिहिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि बाहेर गेले. तुमच्या-आमच्या अंगणामध्ये जिथं काट्याचं कुंपण आहे, तिथं सात फुटांची भिंत उठणार आहे. तू नागपुरात डोळ्याला पट्टी बांधून बसली असताना, तुला न विचारता.

टीना, बाळ, हे पत्र तूच आईला वाचून दाखवत असशील. मोठ्यानं वाच आणि काही गाळू नकोस, माझ्याबद्दल वाईट आलं तरी. फोन केला असता, पण आमच्या घरचा फोन तुझ्या मोठ्या बाबांच्या खिशात असतो.

तुळसा, दोन वर्षं झाली. पोळ्याला तोरणाखालून कोणाचे बैल आधी जायचे, यावरून दोघं सख्खे भाऊ भांडले आणि आपली तोंडं बंद झाली. आपल्याला कोणी विचारलंही नाही. आता दोघांकडेही बैल नाहीत, दोघंही भाड्यानं ट्रॅक्टर बोलावतात. भांडण तेवढं दावणीला बांधून ठेवलं आहे, आणि त्याला रोज वैरण घालायला मात्र आपण दोघी.

दिवाळीनंतर मी कुंपणाला लागून सूर्यफुलं लावली, तेव्हा तू इथंच होतीस. तू गेलीस तेव्हा ती गुडघ्याएवढी होती. आता यांच्या डोक्यावरून गेली आहेत. साठ रुपयांचं बियाणं, त्यातली एकवीस झाडं जगली. कळ्या होत्या तोवर त्या दिवसभर सूर्यासोबत फिरायच्या. संध्याकाळी आमच्या घराकडे वळलेल्या असायच्या, तेव्हा हे खाटेवर बसून खूश व्हायचे. फुलं उमलली आणि फिरणं थांबलं. सगळ्यांची तोंडं उगवतीला, म्हणजे तुमच्या अंगणात, आणि आमच्या वाट्याला एकवीस हिरव्या पाठी. मॅट्रिक झालेली बाई आणि एवढं कळलं नाही, असं अख्खी आळी म्हणाली. मी म्हणू दिलं.

तुलारामभाऊजी आता रोज सकाळी फुलांसमोर खुर्ची टाकून चहा पितात. मधमाशा तर इतक्या की स्वयंपाकघरात त्यांचा आवाज येतो आणि माझी पोथी वाचताना ओळ चुकते. एक इवलासा निळा-काळा शिंजीर पक्षी येतो, फुलापुढं हवेतच थरथरतो. पिवळी फुलपाखरं पाकळ्यांवर बसली की कळत नाहीत. आणि कडेच्या चार फुलांत दाणा भरू लागल्यापासून पोपट. चार वाजले की थवा येतो, उलटे लटकून दाणे उपटतो आणि खायला तुझ्या पेरूच्या झाडावर जाऊन बसतो. सगळी टरफलं तुझ्या अंगणात. एक दिवस भाऊजी झाडू हातात घेऊन ओरडले, "वहिनी, तुमचे पोपट सांभाळा!" दोन वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द. माझ्याही तोंडून निघून गेलं, "पोपट माझे असतीन भाऊजी, पेरू तर तुमचा आहे ना!" ते हसले. मीही हसले. हे ओसरीवरून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी विटा आल्या.

यांनी मला सरळ विचारलं, "तू मुद्दाम तिकडं तोंडं केली काय?" मी म्हटलं, सूर्याला विचारा.

सोमवारी, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, मंगरू मिस्त्री दोरी घेऊन आला. सामान अजून यायचं होतं, पण पाया आधी आखायचा असं हे म्हणाले. पाया नेमका झाडांच्या ओळीत. मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन गेले, एकवीसही झाडांना बोट लावलं आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, ही महादेवाला वाहिली, बिया पिकून पहिली ओंजळ पिंडीवर जाईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. हे म्हणाले, कालची शिवरात्र झाली, आज कायचं वाहणं? मी म्हटलं, देव काय एकाच दिवशी घरी असते? मंगरू दोरी गुंडाळायला लागला. हे त्याच्यावर चिडले, तुम्ही तर बुद्धाला मानता, तुले काय झालं? तो म्हणाला, "मी तुमच्या देवाले हात नाही जोडत दादा, पण बाईच्या शब्दाले मोडत नाही. अन् त्या माश्या पाहून राहिले ना? त्यायले तर सारेच सारखे."

मंगळवारच्या त्या वहीपासून हे माझ्याशी बोलत नाहीत. मी वेळेवर वाढते आणि माघार घेत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, एवढी आडमुठी मी कधी नव्हते, आणि खरं सांगते, बरं वाटतं. विटांच्या थप्पीत खारीनं दाणे भरून ठेवले आहेत. काल पहाटे मी सडा टाकायला बाहेर आले तर हे त्याच थप्पीवर चढून, कुंपणापलीकडे वाकून फुलांची तोंडं बघत होते. मला पाहून खोकले आणि विटा मोजल्यासारखं केलं.

आता जे लिहायला बसले ते. तुझी आई वारली आणि तू तिसऱ्या दिवशी अड्याळहून परत आलीस, तेव्हा मी भात-वरण रांधलं होतं. डबा भरून कुंपणापर्यंत आले. तू अंगणात भिंतीला टेकून बसली होतीस, केस मोकळे, आणि तू माझ्याकडे बघितलंस. ओसरीवरून हे खाकरले. मी परत फिरले. तो भात गाईला घातला. तेव्हापासून एकादशीला देवापुढं बसले की तो डबाच दिसतो.

महादेवापुढं कबूल केलं, तुझ्यापुढंही करते. ती फुलं चुकून नाही लावली. साकोलीच्या कृषी केंद्रातल्या रुचितानं बियाणं देताना सांगितलं होतं, काकू, पूर्वेच्या कुंपणाला लावू नका, मोठी झाली की तोंडं शेजाऱ्याकडे राहतील. मी तिथंच लावली. माझं तोंड तुझ्याकडे करायची मला हिंमत नव्हती, म्हणून एकवीस तोंडं उभी केली. आता हिंमत आली आहे. पाडव्यानंतर भिंत उठेल, तिला मी अडवणार नाही. पण मंगरूला सांगितलं आहे, मध्ये तीन फुटांची जागा सोड, तिथं दार बसेल, नाही तर एक वीट लागणार नाही. यांनी ऐकलं. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. मंगरू विचारतो, कडी कोणत्या बाजूनं? आजवर मीच पाठ फिरवली, म्हणून कडी तुझ्या बाजूला असावी असं माझ्या मनात आहे. पण तू ती काढशील का, हे तुझ्याकडून कळल्याशिवाय मी त्याला दाराला हात लावू देणार नाही. सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे, त्यावर माझं नाव आहे, यांचं नाही. हो की नाही, एवढाच एक शब्द टीनाकडून लिहवून घे आणि उलट टपालानं धाड. पाकळ्या अजून आठ-दहा दिवस टिकतील.

तुझीच,
सत्यभामा